धूमकेतूचा माग कसा ठेवायचा? कक्षा, स्थिती आणि तेजस्विता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा धूमकेतू सापडल्याची बातमी आली की आठवडाभरात तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: धूमकेतू कुठे असेल हे सांगणारं गणित आणि तो किती तेजस्वी दिसेल हे सांगणारं गणित, या दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. पहिल्यावर डोळे मिटून विश्वास टाका. दुसऱ्यावर टाकू नका. खालचे निम्मे प्रश्न हा फरक लक्षात न आल्यामुळेच पडतात.

१. धूमकेतू उल्केसारखा आकाशातून सर्रकन जाताना दिसतो का?

नाही. उल्का सेकंदभरात विझते. धूमकेतू ताऱ्यांबरोबर उगवतो, ताऱ्यांबरोबर मावळतो आणि ताऱ्यांच्या पटावर रोज थोडा थोडा सरकतो. दूरचा धूमकेतू दिवसाकाठी काही कला सरकेल (६० कला म्हणजे एक अंश, पूर्ण चंद्राची रुंदी साधारण ३० कला). पृथ्वीजवळून जाणारा मात्र भराभर जागा बदलतो. मार्च १९९६ मध्ये ह्याकुताके पृथ्वीपासून सुमारे दीड कोटी किलोमीटरवरून गेला, तेव्हा तो दिवसाला पंधरा अंशांहून जास्त सरकत होता. दुर्बिणीत पाच मिनिटं डोळा लावून बसलं तरी शेजारच्या ताऱ्यापासून तो हललेला कळत होता.

२. ‘सी/२०२३ ए३’ असल्या नावांचा अर्थ काय?

पहिलं अक्षर प्रकार सांगतं. ‘सी’ म्हणजे दीर्घ आवर्तकाळाचा (सूर्याभोवतीच्या एका फेरीला फार काळ घेणारा) किंवा न परतणारा, ‘पी’ म्हणजे २०० वर्षांच्या आत परतणारा किंवा एकाहून अधिक फेऱ्यांत पाहिलेला, ‘डी’ म्हणजे हरवलेला किंवा नष्ट झालेला, ‘एक्स’ म्हणजे ज्याची कक्षा काढता आली नाही असा, आणि ‘आय’ म्हणजे दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहमालेतून आलेला. त्यापुढे शोधाचं वर्ष. मग पंधरवड्याचं अक्षर: ‘ए’ म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा, ‘बी’ म्हणजे दुसरा, असं पुढे, ‘आय’ हे अक्षर यात गाळतात. शेवटचा आकडा त्या पंधरवड्यातला क्रम. परतणं पक्कं झालं की कायमचा क्रमांक मिळतो. हॅले हा त्या यादीतला पहिला, म्हणून १पी.

आडनावावर विसंबू नका. ‘अ‍ॅटलस’ हे शोधमोहिमेचं नाव असल्यामुळे त्या नावाचे कितीतरी धूमकेतू आहेत. तक्ता काढताना नेहमी पूर्ण संकेतनाव टाका.

३. कक्षेची माहिती म्हणून जे सहा आकडे देतात ते नेमकं काय सांगतात?

हॅलेचेच घेऊ. सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याची वेळ: ९ फेब्रुवारी १९८६. त्या वेळचं सूर्यापासूनचं अंतर, म्हणजे उपसूर्य अंतर: ०.५९ खगोलीय एकक (पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर म्हणजे एक एकक, सुमारे १५ कोटी किलोमीटर). विकेंद्रता: ०.९६७. वर्तुळाची विकेंद्रता शून्य आणि अन्वस्ताची (पॅराबोला, म्हणजे न मिटणारी उघडी वक्ररेषा) एक असते, तेव्हा ही कक्षा किती लांबट आहे ते लक्षात येईल. उरलेले तीन आकडे कोन आहेत आणि ते कक्षा अवकाशात कशी ठेवलेली आहे ते सांगतात: पृथ्वीच्या कक्षेशी कल १६२ अंश, आरोही पात (धूमकेतू पृथ्वीच्या कक्षेची पातळी ओलांडून उत्तरेकडे जातो तो बिंदू) ५८ अंशांवर, आणि पातापासून उपसूर्य बिंदूपर्यंतचा कोन १११ अंश. कल ९० अंशांहून जास्त आहे, म्हणजे हॅले ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो.

या सहांबरोबर एक सातवी गोष्ट असते, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही: ‘इपॉक’, म्हणजे हे आकडे कोणत्या तारखेला लागू आहेत ते. गुरू, शनी सतत ओढत असल्यामुळे कक्षा रोज किंचित बदलते. म्हणून सहा आकडे त्या एका दिवसाचा फोटो समजा. तो दहा वर्षं जुना असेल तर आजची जागा चुकणारच.

४. तीन निरीक्षणांवरून कक्षा निघते म्हणतात. मग आकडे आठवड्या-आठवड्याला का बदलतात?

तीन वेगवेगळ्या वेळच्या स्थितींवरून कक्षा निघते हे खरं. ओल्बर्सने १७९७ मध्ये धूमकेतूंसाठी सोपी रीत दिली, आणि गाउसने १८०१ मध्ये हरवलेल्या सेरेस या लघुग्रहाची कक्षा काढून तो पुन्हा सापडेल अशी सोय केली. पण कक्षा निघणं वेगळं आणि पक्की होणं वेगळं.

कागदावर मोठी लंबवर्तुळाकार रेघ काढा, आणि तिचा फक्त नखाएवढा तुकडा उघडा ठेवून बाकी झाका. त्या तुकड्यावरून पूर्ण आकार ओळखायचा तर दहा वेगवेगळ्या वक्ररेषा तिथे चपखल बसतात. शोध लागल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातली परिस्थिती हीच असते. म्हणून सुरुवातीच्या कक्षेत विकेंद्रता पुष्कळदा सरळ १ धरलेली दिसते. ते मोजमाप नाही, तात्पुरतं गृहीतक आहे. दिवस जातात, निरीक्षणांचा तुकडा लांबतो, आणि चुकीच्या वक्ररेषा एकेक करून बाद होतात.

जुन्या छायाचित्रांत धूमकेतू सापडला तर हे काम झटक्यात होतं. हेल-बॉप शोधला गेला २३ जुलै १९९५ ला, पण एप्रिल १९९३ च्या एका छायाचित्रात तो आधीच टिपलेला निघाला. दोन वर्षांचा तुकडा एकदम हाती आला.

५. इफेमेरिसच्या तक्त्यातले रकाने कसे वाचायचे?

इफेमेरिस म्हणजे ठरावीक वेळांना धूमकेतू कुठे असेल याचा तक्ता. मायनर प्लॅनेट सेंटर (लघुग्रह-धूमकेतूंची निरीक्षणं जमा करणारी संस्था) आणि जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेची होरायझन्स ही सेवा, दोन्हीकडे तो फुकट मिळतो.

वेळ जागतिक वेळेत, म्हणजे यूटीमध्ये असते. आपल्या स्थानिक वेळेत बदलताना तारीखही बदलू शकते हे विसरू नका. दशांशात दिलेली तारीख बिचकवते, पण सोपी आहे: ऑक्टोबर १२.७५ म्हणजे १२ तारखेचे १८ वाजले. विषुवांश आणि क्रांती हे आकाशातले रेखांश-अक्षांश. ‘डेल्टा’ म्हणजे पृथ्वीपासूनचं अंतर, ‘आर’ म्हणजे सूर्यापासूनचं.

मी तक्ता उघडला की आधी पाहतो तो रकाना ‘इलाँगेशन’चा, म्हणजे सूर्यापासूनचं आकाशातलं कोनीय अंतर. ते २० अंशांच्या आत असेल तर बाकीचे आकडे कितीही आशादायक असोत, धूमकेतू संधिप्रकाशात क्षितिजालगत असणार. ‘फेज अँगल’, म्हणजे सूर्य-धूमकेतू-पृथ्वी हा कोन, प्रश्न १२ मध्ये उपयोगी पडेल. तेजाचे रकाने दोन असू शकतात: एक संपूर्ण धूमकेतूचा, दुसरा फक्त केंद्रकाचा, म्हणजे मधल्या बर्फ-धुळीच्या घट्ट गोळ्याचा. डोळ्याने पाहणाऱ्याने पहिला घ्यावा. दुसरा त्याहून कितीतरी मंद असतो आणि तो पाहून उगाच निराशा होते.

६. तक्त्याप्रमाणे दुर्बीण अचूक लावली, पण तिथे काहीच नव्हतं. चूक कुठे झाली?

अनुभवाने सांगतो, पुढच्या क्रमाने तपासा.

आधी वेळ. माझ्या वहीत एक संपूर्ण रात्र वाया गेलेली आहे, कारण यूटीमधली मध्यरात्र मी स्थानिक मध्यरात्र समजून वापरली. त्यानंतर प्रत्येक पानाच्या वर मी यूटी असं मोठ्या अक्षरांत लिहू लागलो.

मग अ‍ॅपमधली कक्षा. आकाशदर्शनाच्या अ‍ॅपमध्ये धूमकेतूंची माहिती आपोआप ताजी होतेच असं नाही. वर्षभरापूर्वीची कक्षा असेल तर नव्या धूमकेतूची जागा अंशभरानेसुद्धा चुकू शकते. पाहण्याआधी माहिती ताजी करून घ्या.

तिसरं, निर्देशांकांचं वर्ष. तक्ते बहुतेक २००० सालच्या निर्देशांकांत असतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे तेव्हापासूनच्या पंचविसेक वर्षांत हे जाळं सुमारे २० कला सरकलं आहे. दुर्बिणीचा नियंत्रक ‘आजचे’ निर्देशांक मागत असेल आणि तुम्ही २००० चे दिले, तर जास्त वर्धनाच्या नेत्रिकेत धूमकेतू दृश्याबाहेर राहील.

हे तिन्ही बरोबर असेल तर तो तिथे होता, पण दिसला नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा. गणित चुकलं असेल ही शंका अगदी शेवटी घ्या.

७. आठव्या प्रतीचा तारा छोट्या दुर्बिणीत सहज दिसतो. आठव्या प्रतीचा धूमकेतू का दिसत नाही?

प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त. ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत असतो. धूमकेतूचा तेवढाच प्रकाश सबंध कोमावर, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या वायू-धुळीच्या गोळ्यावर पसरलेला असतो. समजा कोमाची रुंदी १० कला आहे. आठव्या प्रतीचा प्रकाश तेवढ्या वर्तुळात वाटला तर दर चौरस विकलेला (६० विकला म्हणजे एक कला) साधारण २१.६ प्रत येते. अगदी काळोख्या आकाशाची स्वतःची उजळी जवळपास २२ असते, आणि दिव्यांच्या झगमगाटात ती १८ पर्यंत येते. म्हणजे काळोखात तो जेमतेम उठून दिसेल आणि शहरात आकाशातच विरघळून जाईल.

म्हणून कमी वर्धन आणि काळोखी जागा, या दोन गोष्टी मोठ्या दुर्बिणीपेक्षा जास्त कामाच्या ठरतात. दुर्बिणीला हलकासा टिचका मारा. स्थिर दृश्यात न जाणवणारा पुसट डाग हलताना चटकन डोळ्यात भरतो.

८. धूमकेतूची तेजस्विता मी स्वतः कशी मोजू? उपकरण लागतं का?

द्विनेत्री आणि ताऱ्यांच्या प्रती दिलेला नकाशा एवढं पुरे. या कामाला डोळाच मुख्य.

अडचण वरच्याच प्रश्नातली: तारा बिंदू, धूमकेतू डाग. तुलना करायची तर ताऱ्याचाही डाग करावा लागतो. सिज्विक पद्धतीत धूमकेतू नीट फोकसमध्ये पाहायचा, कोमाची रुंदी आणि सरासरी उजेड मनात धरायचा. मग फोकसचं चाक फिरवून ताऱ्याची चकती तेवढ्याच रुंदीची होईपर्यंत पसरवायची आणि उजेड ताडायचा. कोमा विरळ आणि सारख्या उजेडाचा असेल तर ही पद्धत छान चालते. मध्यभागी घट्ट, झगझगीत असेल तर मॉरिस पद्धत बरी: आधी धूमकेतूच थोडा फोकसबाहेर काढायचा, त्याचा उजेड एकसारखा झाला की तारा तेवढ्या आकाराचा करून ताडायचा. धूमकेतू अगदी ताऱ्यासारखा आवळलेला असेल तर बोब्रोव्निकॉफ पद्धतीने दोघांनाही सारखंच फोकसबाहेर काढायचं.

प्रत्यक्षात ते असं होतं. द्विनेत्री तिकाटण्यावर घट्ट बसवलेली. कोमा चंद्राच्या पाव रुंदीएवढा. जवळ दोन तारे, एक ६.८ प्रतीचा आणि एक ७.४ चा. पहिला पसरवला: धूमकेतूपेक्षा किंचित उजळ. परत धूमकेतू. दुसरा पसरवला: बराच मंद. पुन्हा धूमकेतू. असं चार-पाच वेळा केल्यावर मन म्हणतं, पहिल्यापासून दुसऱ्याकडे एक तृतीयांश वाट चालून गेलं की धूमकेतू येतो. फरक ०.६, त्याचा तिसरा भाग ०.२. नोंद: ७.०.

तारे निवडताना लालसर तारा टाळा, डोळा त्याच्या बाबतीत फसतो. तारे धूमकेतूच्याच उंचीवरचे घ्या. क्षितिजापासून दहा अंशांवर हवा सहज एका प्रतीहून अधिक तेज खाते, त्यामुळे डोक्यावरच्या ताऱ्याशी केलेली तुलना फुकट जाते. आणि आकडा लिहून होईपर्यंत इतरांच्या नोंदी पाहू नका. एकदा ‘६.५’ वाचलं की डोळा ६.५ च पाहतो.

वहीत यूटीमध्ये दशांश तारीख, पद्धत, प्रत, ताऱ्यांच्या प्रती कुठून घेतल्या, दुर्बिणीचा व्यास आणि वर्धन, कोमाची रुंदी, घट्टपणाचा अंक (शून्य म्हणजे एकसारखा विरळ, नऊ म्हणजे ताऱ्यासारखा), शेपटीची लांबी आणि दिशा एवढं लिहा. स्लोव्हेनियातल्या चर्नी वर्ह वेधशाळेकडून चालणाऱ्या ‘कॉब्स’ या संग्रहात अशा नोंदी जगभरातून जमा होतात.

९. त्याच रात्री माझा आकडा ७.० आणि दुसऱ्या निरीक्षकाचा ८.१. खरा कोणाचा?

बहुधा दोघांचाही. मोठ्या दुर्बिणीत कोमाची बाहेरची पुसट कड नजरेतून सुटते आणि धूमकेतू मंद वाटतो. लहान द्विनेत्रीत ती कड धरली जाते आणि आकडा उजळ येतो. कॅमेऱ्याने छोट्या वर्तुळात मोजलं तर आणखी मंद. काळोख, चंद्रप्रकाश, पद्धत यांचाही हात असतो. म्हणून दिसेल त्या सर्वांत लहान उपकरणाने अंदाज करावा, आणि महिनोन्‌महिने उपकरण बदलू नये. तुमचे आकडे सातत्याने ०.३ ने उजळ येत असतील तरी चालेल, आलेखाचा चढ-उतार खरा येतो. उपकरण दर आठवड्याला बदललं तर तोच बिघडतो.

१०. तेजस्वितेचं भाकीत कोणत्या सूत्राने करतात?

प्रत = मूळ प्रत + ५ × लॉग (पृथ्वीपासूनचं अंतर) + के × लॉग (सूर्यापासूनचं अंतर)

अंतरं खगोलीय एककांत. मूळ प्रत म्हणजे धूमकेतू दोघांपासून एक एककावर असता तर दिसली असती ती. सूत्रातलं ५ पक्कं आहे, तो नुसता भूमितीचा भाग. सगळी गडबड ‘के’ मध्ये आहे. नुसता दगड असता तर के ५ आला असता. धूमकेतू सूर्याजवळ येताना बर्फाची वाफ होऊन धूळ-वायू वाढत जातात, म्हणून के मोठा असतो, आणि माहिती नसताना १० धरण्याची प्रथा आहे.

ही प्रथा किती महाग पडू शकते ते आकड्यांत पाहा. धूमकेतू सूर्यापासून ३ एकक आणि पृथ्वीपासून २.५ एककांवर असताना १४ व्या प्रतीचा दिसला. पुढे तो सूर्यापासून ०.५ आणि पृथ्वीपासून १ एककावर येणार आहे. के १० धरला तर मूळ प्रत ७.२ निघते आणि भाकीत येतं ४.२. नुसत्या डोळ्यांनी दिसेल! के ५ धरला तर मूळ प्रत ९.६ आणि भाकीत ८.१. दुर्बिणीशिवाय नाही. सुरुवातीचं निरीक्षण तेच, कक्षा तीच, आणि तेजात छत्तीस-सदतीस पटींचा फरक. बातमीत यांतला कुठला आकडा छापून येतो ते वेगळं सांगायला नको.

११. मग धूमकेतू ऐन वेळी निराशा का करतात? आणि काही अचानक भडकतात ते कसे?

कारण ‘के’ स्थिर राहतच नाही. ऊर्ट मेघातून (सूर्यमालेच्या अगदी कडेच्या गोठलेल्या पिंडांच्या साठ्यातून) पहिल्यांदाच आत येणाऱ्या धूमकेतूच्या पृष्ठभागावर सहज उडून जाणारे गोठलेले वायू असतात. ते सूर्यापासून फार दूर असतानाच उडू लागतात, धूमकेतू लवकर उजळतो, आणि त्याच चढावर रेघ पुढे ओढली की भव्य भाकीत तयार होतं. पाण्याच्या बर्फाची पाळी तीनेक एककांच्या आत येते. तोवर वरचा थर संपलेला असतो आणि चढ मंदावतो. १९७३ मध्ये कोहौटेकची अशीच निराशा पदरी आली, जरी तो नुसत्या डोळ्यांना दिसला होता. आयसॉन तर २८ नोव्हेंबर २०१३ ला सूर्याजवळून जाताना विरूनच गेला. २०२० च्या वसंतात सी/२०१९ वाय४ पृथ्वीजवळ येण्याआधीच तुटला.

उलट दिशेचं सर्वांत विलक्षण उदाहरण १७पी होम्स. ऑक्टोबर २००७ मध्ये, उपसूर्य बिंदू ओलांडून पाच महिने झालेले असताना, तो दोनेक दिवसांत सतराव्या प्रतीवरून २.८ पर्यंत आला. सुमारे पाच लाख पट! त्याच्या कक्षेत तेव्हा काहीही घडलं नव्हतं. तक्त्यातली जागा जशीच्या तशी बरोबर होती. २९पी श्वासमान-वाखमान गुरूच्या पलीकडे जवळपास वर्तुळाकार कक्षेत फिरतो आणि वर्षातून अनेकदा असे लहानमोठे भडके उडवतो. त्याच्यावर रोज नजर ठेवणारे निरीक्षक आहेत, आणि मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

१२. पृथ्वीच्या सर्वांत जवळ येईल त्याच दिवशी तो सर्वांत तेजस्वी असतो ना?

जुळलंच तर योगायोग. सूर्याच्या जवळ येणं, पृथ्वीच्या जवळ येणं आणि सूर्य-धूमकेतू-पृथ्वी असा कोन योग्य असणं, या तीन गोष्टींच्या तारखा वेगळ्या असतात. १९८६ मध्ये हॅले उपसूर्य बिंदूवर होता तेव्हा तो आपल्या दृष्टीने सूर्याच्या पलीकडे होता.

२०२४ चा त्सुचिनशान-अ‍ॅटलस हे तिसऱ्या गोष्टीचं उत्तम उदाहरण. सूर्याच्या सर्वांत जवळ २७ सप्टेंबरला, पृथ्वीच्या सर्वांत जवळ १२ ऑक्टोबरला, आणि सर्वांत तेजस्वी त्यांच्या मध्येच, ९ ऑक्टोबरच्या सुमारास. तेव्हा तो जवळजवळ पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधोमध होता आणि त्याची धूळ सूर्याचा प्रकाश पुढे आपल्याकडे फेकत होती. समोरून ऊन आलं की गाडीच्या काचेवरची धूळ लखलखते, तसंच. त्या दिवशी सूर्याच्या झगमगाटात तो जमिनीवरून पाहणं अतिशय कठीण होतं. सोहो या अवकाशवेधशाळेच्या कॅमेऱ्यात मात्र तो लख्ख दिसत होता. प्रश्न १० चं साधं सूत्र हा परिणाम धरत नाही. तक्त्यात फेज अँगल १२० अंशांच्या वर जाताना दिसला तर सावध व्हा, तेज भाकितापेक्षा वाढू शकतं.

१३. स्थितीचं गणित इतकं भरवशाचं, तर परतीच्या तारखा कशा चुकतात?

एका फेरीतली स्थिती आणि अनेक दशकांनंतरची परत यांत फरक आहे. पहिलं कारण ग्रहांची ओढ. हॅलेच्या १७५९ च्या पुनरागमनासाठी क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत यांनी गुरू-शनीचा परिणाम हाताने मोजला. एप्रिलच्या मध्याची तारीख काढली, धूमकेतू उपसूर्य बिंदूवर आला १३ मार्चला. कागद आणि लेखणी घेऊन ७६ वर्षांच्या प्रवासात महिन्याची चूक, ही मला आजही थक्क करते.

दुसरं कारण धूमकेतू स्वतःच आहे. उन्हाच्या बाजूने उडणारे वायूचे झोत रॉकेटसारखं त्याला मागे-पुढे ढकलतात. एंके धूमकेतू दर फेरीला सुमारे अडीच तास लवकर येतो हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं. त्याचं समाधानकारक उत्तर फ्रेड व्हिपलने १९५० मध्ये दिलं. आता पुरेशी निरीक्षणं असलेल्या धूमकेतूंच्या कक्षेत या धक्क्याचे आकडेही जोडतात. तक्त्यात ए१, ए२ दिसले तर ते हेच.

तिसरं कारण, जुनी निरीक्षणं कमी असणं. १८६२ मध्ये सापडलेला स्विफ्ट-टटल १९८२ च्या आसपास येणार होता. आला नाही. ब्रायन मार्सडेन यांनी १९७३ मध्येच पर्याय सुचवला होता: हा १७३७ चाच धूमकेतू असेल तर तो १९९२ च्या नोव्हेंबरअखेर येईल. तो १२ डिसेंबर १९९२ ला उपसूर्य बिंदूवर आला. सतरा दिवसांचा फरक. १७३७ मध्ये कुणीतरी नीट लिहून ठेवलेल्या नोंदी अडीच शतकांनी कामी आल्या.

१४. हॅले आत्ता कुठे आहे? त्याचा माग ठेवता येतो का?

डिसेंबर २०२३ मध्ये तो सूर्यापासून सर्वांत दूर, ३५ एककांवर पोचला आणि आता परत वळला आहे. तिथे त्याचा वेग सेकंदाला जेमतेम ०.९ किलोमीटर होता. उपसूर्य बिंदूवर तो ५४ किलोमीटरच्या पुढे जातो. त्याचं २००३ मध्ये २८ एककांवर असताना छायाचित्र घेतलेलं आहे, तेव्हा तो अठ्ठाविसाव्या प्रतीचा होता. पुढचा उपसूर्य बिंदू २८ जुलै २०६१.

१५. एकाच धूमकेतूचा आवर्तकाळ दोन ठिकाणी वेगवेगळा का दिलेला असतो? आणि विकेंद्रता १ पेक्षा जास्त असली की तो परग्रहमालेतला का?

लांबट कक्षांच्या बाबतीत आवर्तकाळ विकेंद्रतेच्या तिसऱ्या-चौथ्या दशांशावर लोंबकळत असतो. सूर्याजवळ असताना एखाद्या दिवसाची कक्षा काढली तर तिच्यावर ग्रहांच्या त्या दिवसाच्या मांडणीचा ठसा असतो. म्हणून आत येण्याआधीची आणि बाहेर गेल्यानंतरची कक्षा वेगळी काढतात, सूर्याऐवजी सबंध सूर्यमालेचा गुरुत्वमध्य धरून. हेल-बॉप १९९६ मध्ये गुरूजवळून गेला आणि त्याचा आवर्तकाळ सुमारे ४२०० वर्षांवरून सुमारे २५०० वर्षांवर आला. दोन्ही आकडे बरोबर, एक येतानाचा, एक जातानाचा.

विकेंद्रतेचंही तसंच. १.०००५ सारखा आकडा दिसला तर तो आपल्याच ऊर्ट मेघातला असण्याची शक्यता दांडगी. सी/१९८० ई१ बोवेल तर गुरूच्या फटक्याने १.०५७ वर गेला आणि आता सूर्यमाला सोडून चालला आहे, पण मूळचा इथलाच. २आय बोरिसोव्हची ३.३६ आणि ३आय अ‍ॅटलसची ६ च्या पुढची विकेंद्रता मात्र कुठलाही ग्रह देऊ शकत नाही.

१६. शेपटीवरून धूमकेतू कुठल्या दिशेने चालला आहे ते कळतं का?

नाही. शेपटी सूर्याच्या विरुद्ध बाजूला असते, त्यामुळे सूर्यापासून परतताना ती धूमकेतूच्या पुढे पुढे चालते. वायूची शेपटी सरळ आणि निळसर, धुळीची वाकडी आणि पिवळट. पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीतून जात असेल तर मागे राहिलेली धूळ कडेने दिसून सूर्याच्या दिशेने टोचल्यासारखी उलटी शेपटी दिसते. एप्रिल १९५७ मध्ये आरां-रोलां धूमकेतूची ती फार ठळक होती. वाटचाल हवी असेल तर शेपटी सोडा आणि तक्त्यातल्या दोन दिवसांच्या जागा नकाशावर जोडा.

१७. माझ्या फोटोवरून स्थिती मोजून पाठवता येईल का?

येईल, आणि तशी निरीक्षणं कक्षेसाठी खरोखर वापरली जातात. फोटोतल्या ताऱ्यांची गैया सूचीशी (गैया या अवकाशयानाने मोजलेल्या ताऱ्यांच्या जागांच्या यादीशी) जुळणी करून धूमकेतूच्या सर्वांत घट्ट बिंदूचे निर्देशांक काढायचे. मायनर प्लॅनेट सेंटरला नियमित निरीक्षणं पाठवण्यासाठी निरीक्षणस्थळाचा संकेतांक घ्यावा लागतो, आणि त्याआधी ज्ञात लघुग्रहांवर आपली अचूकता दाखवावी लागते.

सगळ्यात जास्त चुका घड्याळात होतात. तासाला एक कला सरकणाऱ्या धूमकेतूला मिनिटभराची चूक एका विकलेला पडते. पृथ्वीजवळून जाणाऱ्याला तीच चूक चाळीस विकलांना पडू शकते. फोटो काढण्याआधी संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवा, आणि एक्स्पोजरची मधली वेळ लिहा, सुरुवातीची नाही. जवळच्या धूमकेतूसाठी तुमची जागाही महत्त्वाची: ०.१ एककावर असताना पृथ्वीच्या मध्यातून आणि पृष्ठभागावरून दिसणाऱ्या जागेत जास्तीत जास्त दीड कलेचा फरक पडतो. होरायझन्सला म्हणूनच अक्षांश-रेखांश द्यावे लागतात.

१८. धूमकेतू तुटला हे निरीक्षकाला कसं कळतं?

तेज कमी होण्याआधी आकार बोलतो. मधला घट्ट ठिपका लांबट होतो, मग सिगारसारखा, मग मऊ पडतो. प्रश्न ८ मधला घट्टपणाचा अंक ६ वरून ३ वर, आणि ३ वरून १ वर येतो. एकूण तेज काही दिवस वाढलेलंही असू शकतं, कारण फुटल्यावर नवी धूळ मोकळी होते. तेव्हा नुसता प्रतीचा आलेख पाहणाऱ्याला आनंद होतो आणि घट्टपणा पाहणाऱ्याला काळजी वाटते. बिएला धूमकेतू १८४६ मध्ये दोन तुकड्यांत दिसला, १८५२ मध्ये शेवटचा दिसला, आणि १८७२ मध्ये त्याच्या वाटेवर उल्कांचा वर्षाव झाला.

१९. शोधलं, पण दिसलाच नाही. ती रात्र नोंदवायची का?

जरूर नोंदवा, आणि नीट नोंदवा. ‘दिसला नाही’ एवढ्याने भागत नाही. त्याच जागी, त्याच उंचीवर तुम्हाला दिसलेला सर्वांत मंद तारा कितव्या प्रतीचा होता ते पाहा. धूमकेतू पसरट असतो हे धरून, कोमाच्या अपेक्षित आकाराइतका पसरवलेला कोणता तारा जेमतेम दिसतो तेही पाहा आणि तीच मर्यादा लिहा: ‘९.२ पेक्षा मंद, कोमा ५ कला धरून’. भडका उडाला तर तो कोणत्या दोन रात्रींच्या मध्ये उडाला हे अशाच नोंदी सांगतात. भडक्यानंतरच्या रात्री सगळेच दुर्बिणी लावतात. आदल्या रात्री ढगांच्या फटीतून पाहून ‘नाही’ असं लिहिणारा एखादाच असतो, आणि वेळ ठरवताना त्याच्याच ओळीवर बोट ठेवावं लागतं.